शेवटच्या कप्प्यातलं गुलाबी कार्ड

मुंबईच्या विमानतळावर मला सोडायला आली तेव्हा आई रडली नाही. तिने माझ्या हातात एक निळी फाइल दिली. साताऱ्याहून येताना सबंध रस्ताभर ती फाइल तिच्या मांडीवर होती. आत प्लॅस्टिकचे कप्पे आणि एकेका कप्प्यात एकेक कागद: जन्माचा दाखला, दहावी-बारावीची गुणपत्रकं, डिग्री, लग्नाचा दाखला, शिक्के मारून आणलेल्या प्रती. पहिल्या पानावर तिच्या वळणदार अक्षरात अनुक्रमणिका. आईने तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे तिचं प्रेमसुद्धा क्रमांक घालून येतं. "कुठेही जा, कागद पुरे ठेव," ती म्हणाली. "कागद पुरे असले की कोणापुढे मान खाली घालावी लागत नाही." माझा नवरा मंदार ट्रॉली घेऊन दरवाजापर्यंत पोचला होता आणि लांबूनच 'चल' म्हणून हात करत होता. मी आईच्या पाया पडले, फाइल छातीशी धरली आणि आत गेले.

याला अकरा वर्षं झाली. तुम्ही जे मागे राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखेच इकडे आलात, त्या दोघांनाही हे लिहायचं गेली तीन वर्षं मनात आहे. लिहायला बसते आणि उठते. मघापासून तीनदा उठले. एकदा गॅस बंद आहे ना बघितलं, एकदा बाल्कनीतले वाळलेले कपडे काढले, एकदा तर नुसतीच उभी राहिले. एका जागी बसवत नाही ही माझी तीन वर्षांपासूनची खोड आहे, आणि ती कुठून लागली तेच सांगायचंय.

आईच्या फाइलने माझं भलं केलं हे आधी कबूल करते. शारजाला आल्यावर वर्षभरात मला हमरिया फ्री झोनमधल्या एका ट्रेडिंग कंपनीत नोकरी लागली, तीही कागदांचीच. माल कुठून आला, कुणाचा आहे, किती आहे, त्याचे दाखले जमवायचे आणि जहाजाबरोबर पाठवायचे. एक कागद कमी पडला की कंटेनर खोर फक्कानच्या बंदरात उन्हात तापत उभा राहतो आणि फोनवर सगळे एकमेकांवर ओरडतात. माझ्या हाताखालचा कंटेनर सहसा अडकत नाही. जे मागितलंय ते तर मी देतेच, पण जे मागितलेलं नाही तेही मागे जोडून देते. ऑफिसात माझी चेष्टा व्हायची, की हिला चहा सांगितला तर ही चहापत्तीचा दाखलाही आणेल. मला त्या चेष्टेचा अभिमान वाटायचा.

रेवा इथेच जन्मली. ती सहा वर्षांची असताना मला दुसऱ्यांदा दिवस गेले. आम्ही शारजातल्या अल नहदाला राहतो, मंदारचं ऑफिस दुबईत, रेवाची शाळा ऊद मेथाला. सकाळी तिघं तीन दिशांना पांगतो आणि संध्याकाळी एकमेकांना भेटलो की पहिला विषय ट्रॅफिकचा. या गडबडीत दुसरं मूल म्हणजे जरा धाडसच होतं, पण हवं होतं. दोघांनाही, नव्हे तिघांनाही हवं होतं.

सोळाव्या आठवड्यात आमच्या मल्याळी डॉक्टरीणबाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवली आणि हसत म्हणाल्या, "बेबी गर्ल! मुबारक हो." तुम्ही साताऱ्यात बसून हे वाचत असाल तर दचकाल. तिकडे प्रत्येक सोनोग्राफी सेंटरच्या दारावर पाटी असते, की इथे गर्भलिंग निदान केलं जात नाही, तो गुन्हा आहे. इथे सांगतात. नुसतं सांगत नाहीत, त्या क्लिनिकमध्ये तर 'इट्स अ गर्ल' छापलेलं एक गुलाबी कार्ड मिळायचं, सोनोग्राफीचा छोटा फोटो चिकटवलेलं. मंदारने गाडीत बसल्यावर ते कार्ड डॅशबोर्डवर उभं केलं आणि घरी पोचेपर्यंत प्रत्येक सिग्नलला त्याच्याकडे बघत होता.

मग आम्ही तेच केलं जे इथले सगळे करतात. केक आणला. वरून पांढरा, आतून गुलाबी. इथल्या मराठी मंडळातली आठ-दहा कुटुंबं बोलावली. रेवाने सुरी फिरवली आणि गुलाबी तुकडा बाहेर आला तशी किंचाळली, "आय ॲम गेटिंग अ सिस्टर!" त्याचा व्हिडिओ दोन्हीकडच्या फॅमिली ग्रुपवर टाकला. सासूबाईंनी लगेच हात जोडलेली चार चित्रं पाठवली आणि 'दुसरी लक्ष्मी आली' असं लिहिलं. आईचा मात्र फोन आला. "छान आहे गं. पण असं आधी कळवतात का? मला बाई ते पाहून कसंसंच झालं."

मला हसू आलं. पण आईला कसंसं का झालं हे मला चांगलं ठाऊक होतं. मी सातवीत असताना तिनेच शाळेची फेरी काढली होती, 'मुलगी वाचवा'ची. सगळ्यात पुढे मी, कारण बाईंची मुलगी, माझ्या हातात सगळ्यात मोठा फलक, आणि बाजारपेठेतून घसा बसेस्तोवर घोषणा. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका बाईंना तीन मुली होत्या, मग दोन वर्षांत दोनदा 'पोटात दुखतंय' म्हणून दवाखान्यात नेलं आणि मग मुलगा झाला. आई त्यांच्या घरी पुन्हा कधी चहाला गेली नाही. तिच्या लेखी पोटातली मुलगी जाहीर करणं म्हणजे तिला धोक्यात घालणंच होतं. मी म्हटलं, "आई, इकडे तसं काही नसतं. इकडे कोणी कोणाला मारत नाही." ती 'बरं' म्हणाली.

विसाव्या आठवड्यात मोठी सोनोग्राफी असते, बाळाचा एकेक अवयव बघतात ती. डॉक्टरीणबाई आधी बोलत होत्या. मग बराच वेळ नुसता तो हातातला प्रोब फिरत राहिला. नंतर त्यांनी मंदारलाही खुर्ची ओढून बसायला सांगितलं. बाळाची दोन्ही मूत्रपिंडं तयारच झाली नव्हती. बाळाभोवती पाणी जवळपास नव्हतं, आणि पाण्याशिवाय फुप्फुसं वाढत नाहीत. पोटात आहे तोवर माझ्या जिवावर ती राहील, बाहेर आली की राहणार नाही. हे त्यांनी मोडक्या हिंदीत, अगदी सावकाश सांगितलं, आणि मी मूर्खासारखी विचारत राहिले, "लेकिन ऑपरेशन से होगा ना?"

मग मी विचारलं की आता पुढे काय. त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर जवळ ओढलं. "एक सौ बीस दिन," त्या म्हणाल्या. "उसके पहले कमिटी को पेपर भेज सकते थे. अभी एक सौ बीस दिन हो गया. आपकी जान को खतरा नहीं है. इधर मैं कुछ नहीं कर सकती, सॉरी." आणि मग, "आप इंडिया जा सकते हैं. जल्दी जाइए."

आता मला सांगा, जी गोष्ट विसाव्या आठवड्यात दिसते तिच्यासाठी दार सतराव्या आठवड्यात बंद होत असेल तर माणसाने करायचं काय? हा प्रश्न मी तेव्हापासून भिंतींना विचारते. आमच्या ऑफिसातली नूर, इजिप्तची, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, तिने मला समजावून सांगितलं की चार महिन्यांनी बाळात प्राण येतो असं त्यांच्यात मानतात, म्हणून ती रेघ. ते मी समजू शकते. ज्याने रेघ ओढली त्याने जीव वाचवायलाच ओढली असणार. पण माझ्या पोटात लाथा बसत होत्या आणि त्या लाथांचं पुढे काही होणार नव्हतं. अजून साडेचार महिने लिफ्टमध्ये भेटणाऱ्या प्रत्येकाने 'कितवा महिना?' विचारायचं आणि मी हसून उत्तर द्यायचं, हे मला जमणार नव्हतं. कोणाला जमत असेल, तिच्यापुढे मी हात जोडते. मला जमणार नव्हतं.

मंदार आणि मी एक दिवस बोललो, एक दिवस बोललोच नाही, आणि तिसऱ्या दिवशी तिकीट काढलं. त्याला रेवाजवळ राहायला हवं होतं. निघायच्या दिवशी ऑफिसात नूरने मला पोटाशी धरलं. "खलास, हबीबती," ती म्हणाली, म्हणजे 'पुरे आता, लाडके'. "यू गो होम. युवर मदर इज देअर."

विमानात बसण्याआधी मी फाइल केली. सवयच ती. नवी कोरी, निळीच. पहिल्या सोनोग्राफीपासून शेवटच्या रिपोर्टापर्यंत सगळं तारखेने लावलं, रक्ताचे रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, डॉक्टरीणबाईंचं पत्र. मागितलेलं आणि न मागितलेलं. आणि शेवटच्या कप्प्यात ते गुलाबी कार्ड. ते घरी ठेवून जायला मन धजावलं नाही. ते घरी राहिलं असतं तर रेवाने बघितलं असतं, हे एक कारण. दुसरं कारण सांगायची गरज नाही.

साताऱ्यातल्या डॉक्टर आईच्या ओळखीच्या होत्या, वयाने साठीच्या, करारी. आई माझ्याबरोबर आत आली. सोनोग्राफीच्या आधी एका फॉर्मवर सही करायची होती. प्रत्येक बाईला करावी लागते. मराठीत छापलं होतं की या तपासणीतून मला माझ्या गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही असं मी जाहीर करते. पेन हातात घेऊन मी ते दोनदा वाचलं. मला माहीत होतं. तिचं नावही ठरलं होतं. आणि जाणून घ्यायचं नाही म्हणून मी सही केली, व्यवस्थित, तारखेसकट.

डॉक्टर फाइल चाळत होत्या. चांगली लावलीये, असं म्हणाल्यासुद्धा. मग शेवटचा कप्पा आला. त्यांनी ते कार्ड बाहेर काढलं, पालथं करून बघितलं, पुन्हा सुलटं केलं.

"पहिलं काय आहे तुम्हाला?"

"मुलगी."

"आणि ही पण मुलगी, हे तुम्हाला तिकडे सांगितलं."

"हो. तिकडे सांगतात."

त्यांनी कार्ड परत कप्प्यात घातलं आणि फाइल मिटली. त्यांचा आवाज वाईट नव्हता, पण बदलला होता. "बाई, तुम्ही हे इथे आणायला नको होतं. मी तुमच्यावर विश्वास ठेवला तरी उद्या मला विचारणारे ठेवतील का? पहिली मुलगी, दुसरी मुलगी हे आधीच माहीत, परदेशातून येऊन पाचव्या महिन्यात गर्भपात. मी एकटी हात लावणार नाही. पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात जा. दोघा डॉक्टरांच्या सह्या लागतीलच, तिथे दोघंही नव्याने बघतील आणि ठरवतील." त्यांनी स्वतः तपासून काय दिसलं ते मात्र स्वच्छ लिहून दिलं. आज मला त्यांचा राग येत नाही. आमच्या मागच्या गल्लीतल्या त्या दोन 'पोटदुख्या' त्यांनीही पाहिल्याच असतील. ती पाटी त्यांच्या दारावर आहे, आणि ती तिथे असावी म्हणून मी स्वतः घसा फोडला होता.

पुण्याची वेळ चार दिवसांनंतरची मिळाली. ते चार दिवस मी माहेरी होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई मेथी निवडत होती. मी समोर बसून देठं वेगळी करत होते. ती मान वर न करता म्हणाली, "खरं सांग हं मला. मुलगी आहे म्हणून तर नाही ना?"

सासूबाई विचारतील या भीतीने मी विमानात अख्खं उत्तर पाठ केलं होतं. त्यांनी विचारलं नाही. त्या रोज फोन करून 'जेवलीस का' एवढंच विचारायच्या. विचारलं माझ्या आईने, जिने मला फलक घेऊन सगळ्यात पुढे उभं केलं होतं. मी हातातली मेथी ताटात ठेवली, उठले, आणि चालायला लागले. बैठकीच्या खोलीतून मागच्या दारापर्यंत, परत बैठकीच्या खोलीत. किती फेऱ्या घातल्या कोण जाणे. पोटात ती हलत होती. उत्तर मी दिलंच नाही. द्यायला हवं होतं, पण ज्या प्रश्नाचं उत्तर आईला माहीत असायला हवं तो प्रश्न आईने विचारल्यावर जीभच उचलली गेली नाही.

पुण्यात दोन डॉक्टरांनी वेगवेगळं बघितलं आणि दोघांनी सह्या केल्या. त्यातल्या तरुण डॉक्टरबाई म्हणाल्या, "कार्ड सांभाळून ठेवा, फाइलला लावू नका." पुढचं मी लिहू शकत नाही. तिला मी पाहिलं, एवढं लिहिते. आई बाहेर बाकावर बसली होती, ती आत आली नाही आणि मी तिला बोलावलं नाही.

परत आल्यावर मंडळात सांगितलं, 'गेलं'. मराठीत ही सोय आहे, कसं गेलं ते सांगावं लागत नाही. केक खाल्लेल्या सगळ्यांनी माना हलवल्या. पण एके दिवशी ऊद मेथाला शाळेबाहेर मुलं सुटायची वाट बघत उभी होते, तेव्हा दुसऱ्या वर्गातल्या मुलाची आई शेजारी येऊन हळूच म्हणाली, "तू कुठे गेली होतीस? मी कोचीला गेले होते." तिला कोणी सांगितलं, कसं कळलं, मी विचारलं नाही. आम्ही दोघी फाटकाकडे बघत उभ्या राहिलो. तुम्ही जे इकडे आहात, तुमच्यातही अशा आहेत. फाटकाबाहेर उभ्या असतात आणि मुलांना पाण्याची बाटली आणलीस का विचारतात.

त्यानंतर आई आणि मी फोनवर बोलायचो ते फक्त रेवाचे मार्क, इथलं ऊन, तिथला पाऊस आणि तिचा गुडघा. दर रविवारी, न चुकता. एका रविवारी ती फोन ठेवताना थांबली, मला वाटलं आता म्हणेल, तर म्हणाली, "लोणचं पाठवू का कोणाबरोबर?" मी म्हटलं, पाठव. लोणचं आलं. चांगलं झालं होतं. मी ते खाताना रडले आणि रेवाने विचारलं, "मम्मा, इज इट टू स्पायसी?"

या जानेवारीत आई पहिल्यांदाच इकडे आली. मीच बोलावलं, कारण रेवा हट्टाला पेटली होती. पहिला आठवडा आम्ही तिला फिरवलं. तिला समुद्र आवडला, मॉल आवडले नाहीत. रेवा तिच्याशी इंग्रजीत बोलायची, ती मराठीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं झकास चाललं होतं. मी मात्र घरभर फिरत होते. एका सकाळी, मंदार आणि रेवा गेल्यावर, आई म्हणाली, "अश्विनी, जरा बस. किती चालतेस?" आणि मग, "ती फाइल आहे का तुझ्याकडे?"

मी कपाटातून काढून दिली. आई जेवणाच्या टेबलाशी चष्मा लावून बसली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली, पेपर तपासायला बसायची तशीच, पाठ ताठ. इंग्रजी शब्द अडला की मला विचारायची. 'किडनी' तिला कळत होतं. 'अ‍ॅबसेंट' तर शाळेतलाच शब्द, तो तिने स्वतःशीच मोठ्याने वाचला आणि काही वेळ पुढे गेली नाही. साताऱ्याच्या डॉक्टरांचं पत्र वाचलं. पुण्याच्या दोन सह्या बघितल्या. शेवटचा कप्पा आला. परत आल्यावर मी पुन्हा तिथेच ठेवलेलं कार्ड काढून तिने हातात धरलं आणि फोटोवरून बोट फिरवलं. मला वाटलं ती आता माफी मागेल, आणि माफी मागितली तर काय करायचं ते मला कळत नव्हतं, म्हणून मी उठायला लागले.

"नाव काय ठेवलं होतंस?" आईने विचारलं.

मी खाली बसले. "ओवी."

"ओवी," ती म्हणाली. "रेवा आणि ओवी. छान आहे." मग चष्मा काढून पदराने पुसत राहिली. "मी तुला तसं विचारायला नको होतं गं. तेव्हा हेच विचारायला हवं होतं."

मी तिला मिठीबिठी मारली नाही. आमच्यात ती पद्धत नाही. मी तिच्यावर ओरडले. तीन वर्षांचं सगळं ओरडले, मेथी, बाक, लोणचं, फलक, सगळं. ती ऐकत राहिली. मध्ये एकदाच म्हणाली, "बोल. सगळं बोल." बोलून झाल्यावर मला कडकडून भूक लागली आणि आम्ही दोघी कालची आमटी गरम करून भात जेवलो.

तुम्ही तिकडचे विचारता, परत घरी कधी येणार. इकडचे विचारतात, सुट्टीत घरी जाणार का. मी दोघांनाही 'इन्शाल्ला' म्हणते, ते सोपं पडतं. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात माझी दोन्ही घरं माझ्या हातून सुटली होती. इथल्या घरात मला थांबता येत नव्हतं, आणि तिथल्या घरात पोचले तर तिथे तो प्रश्न होता. अजूनही मी कुठल्याच घरात फार वेळ एका जागी बसत नाही. पण ज्या टेबलाशी आईने ओवीचं नाव पहिल्यांदा उच्चारलं, तिथे मला बसता येतं. हे सगळं मी तिथेच बसून लिहिलं.

आईला शारजाच्या विमानतळावर सोडायला मी एकटीच गेले. बॅग आत द्यायच्या आधी ती पर्समधलं तिकीट, पासपोर्ट, व्हिसाची प्रत क्रमाने लावत होती. तेव्हा मला दिसलं, पर्सच्या आतल्या कप्प्यात ते गुलाबी कार्ड.

"आई, हे कुठे नेतेस? तिकडे कोणी पर्स उघडून विचारलं तर?"

"विचारू दे," आईने पर्सची चेन लावली. "सांगेन, माझ्या नातीचं आहे."